कुणाला पाणी, कुणाला उपास

११ नोव्हेंबर २०२४

वही लतीफाची आहे, माझ्या बायकोची. पुढची पानं ब्लाउजच्या मापांनी भरलेली, मागची कोरी. कोरी मी मागितली, तिनं दिली.

सोळा वर्षं शेलूबाजार ते मंगरूळपीर काळीपिवळी जीप चालवली. ऑगस्टमध्ये खालाला, म्हणजे मावशीला, घेऊन अकोल्याच्या एका स्कॅन सेंटरला गेलो होतो. तिथं सुईनं किरणोत्सर्गी औषध देतात आणि मग अंगातून बाहेर येणारे किरण यंत्र टिपतं. यंत्र चालवणाऱ्या राखी मॅडम कारंज्याच्या. त्या सहज म्हणाल्या, "तुमच्या भागातले निम्मे पेशंट बस चुकली म्हणून येतच नाहीत." ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून ठरवलं, दर सोमवारी आणि गुरुवारी जीप फक्त स्कॅनच्या पेशंटसाठी. पहाटे दारातून उचलायचं, दिवसभर थांबायचं, संध्याकाळी दारात सोडायचं. पुढच्या सोमवारी पहिली फेरी.

घरात आम्ही आमची हिंदी बोलतो. वहीत मात्र सगळ्यांना मराठी बोलावं लागेल, लतीफालासुद्धा. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाची वही आहे.

लतीफा म्हणाली, "काम चांगलं हाय. पन आधी अंगाकडं पाहा. चार मानसाचं खाता अन् कुडता टांगल्यासारका दिसते."

नव्या कामाचा उत्साह आहे, दुसरं काय. माझ्या अंगात हल्ली विशीतल्यासारखी तरतरी आहे.

१८ नोव्हेंबर

लिहायला लाज वाटते, पण वही त्यासाठीच घेतली.

पहिले पेशंट आमच्याच गावचे. चंपतभाऊ आणि गिरजाबाई हे नवरा-बायको, नाल्याकाठी त्यांची वांग्याची, मेथीची वाडी आहे. गिरजाबाईंना मानेत आणि छातीत गाठींचा कॅन्सर होता. सहा केमो झाल्या. आता आत काही उरलंय का, ते बघायला पेट स्कॅन.

बार्शीटाकळीला त्यांचा चेहरा अगदी उतरलेला दिसला. मी जीप थांबवली आणि उसाचा रस आणला, आलं-लिंबू टाकून. चंपतभाऊ झाडामागं गेले होते.

गिरजाबाई म्हणाल्या, "मले काईच खायाचं नाई म्हनलं होतं."

"रस काय खातात का, बाई? रस तर पेतात."

त्यांनी एका दमात ग्लास संपवला.

सेंटरमध्ये राखी मॅडमनी बोटातून थेंबभर रक्त घेतलं, आकडा पाहिला आणि विचारलं, "काय घेतलं सकाळी?" मी सांगितलं. त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "आज स्कॅन होणार नाही."

पेटचं औषध साखरेसारखंच असतं. कॅन्सरच्या पेशी साखरेच्या भुकेल्या, म्हणून त्या ते ओढतात आणि यंत्रात दिसतात. पोटात आधीच साखर गेली की औषध भलतीकडेच, मांसात जाऊन बसतं, आणि फोटो बिघडतो. ते औषध मोठ्या शहरातून पहाटे गाडीनं येतं आणि दर दोन तासांत निम्मं होतं. उद्यासाठी ठेवता येत नाही. गिरजाबाईंचं वाया गेलं, माझ्या हातानं.

परतताना चंपतभाऊ पुढची सीट सोडून मागं जाऊन बसले. गाव जवळ आलं तेव्हा गिरजाबाईच म्हणाल्या, "काहून तोंड पाडून बसले, हसनैनभाऊ? रस लय दिवसानं पेली. चव आली तोंडाले."

त्यांनी रागावायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर

आज चूक होऊ द्यायची नाही असं ठरवून निघालो, आणि उलटी चूक केली.

पेशंट मानोऱ्याचे धम्मपाल गुरुजी, शाळेत विज्ञान शिकवायचे, आता रिटायर. त्यांना प्रोस्टेटचा आजार होऊन गेला आहे. महिन्यापासून बरगडी दुखते, म्हणून डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन लिहून दिला. मी त्यांना घरातून निघतानाच बजावलं, खाणं नाही, पिणं नाही. रस्त्यात त्यांनी पाच वेळा पाणी मागितलं. मी बाटली माझ्या सीटखाली ढकलली.

राखी मॅडमनी त्यांचे ओठ पाहिले आणि माझ्याकडे वळल्या. राग आला की त्या कारंज्याच्या होतात. "कोनं सांगतलं यायले उपाशी ठेवा म्हनून? या स्कॅनले पोटभर पानी पायजे! हसनैनभाई, तुमी पेशंट आनून राह्यले का माही परीक्षा घेऊन राह्यले?"

गुरुजी मधे पडले. "याची चूक नाही, मॅडम. याला फरक कुणी शिकवलाच नाही."

सुई दिल्यावर हाडांच्या स्कॅनला तीन तास थांबावं लागतं. गुरुजी पाण्याची बाटली घेऊन बाकावर बसले, मला शेजारी बसवलं, आणि माझ्याच वहीच्या पानावर शिकवायला सुरुवात केली. राखी मॅडम येता-जाता चुका दुरुस्त करत होत्या.

२२ नोव्हेंबर

काल समजलेलं पुसून जायच्या आत लिहितो.

एक्स-रे आणि सीटी घर दाखवतात. भिंत कुठं, दार कुठं, तडा कुठं. हे किरणोत्सर्गी स्कॅन घरात कुठं चूल पेटली आहे ते दाखवतात. घर तेच, प्रश्न वेगळा.

मग त्यांच्यातही दोन घराणी. एक गॅमा कॅमेरा. दोन चपटी तोंडं, पेशंटच्या अगदी जवळ येतात. तोंडावर शिशाची चाळणी, सरळ येणारे किरण तेवढे आत घेते, तिरपे अडवते. म्हणून बरेच किरण वाया जातात आणि वेळ लागतो. पण औषधं अनेक. हाडाचं वेगळं, हृदयाचं वेगळं, मानेतल्या थायरॉइड ग्रंथीचं वेगळं. त्यातलं मुख्य द्रव्य सेंटरमध्येच एका जड डब्यातून रोज सकाळी काढतात. तिथली मंडळी त्या डब्याला गाय म्हणतात आणि काढण्याला दूध काढणं. मला वाटलं माझी गंमत करतात. राखी मॅडम म्हणाल्या, खरंच तसं म्हणतात. हाच कॅमेरा पेशंटभोवती फिरवला की चित्र सपाट राहत नाही, खोलीही कळते. त्याला स्पेक्ट म्हणतात.

दुसरं घराणं पेट. कॅमेरा नाही, गोल कडं. त्या औषधातून एकाच वेळी दोन किरण निघतात, एकमेकांच्या बरोबर उलट दिशेला. कड्यावर दोन्हीकडे एकदम टिपले की त्या रेषेवरच कुठंतरी उगम. चाळणी लागत नाही. चित्र स्वच्छ, बारीक गाठही दिसते.

मी गुरुजींना विचारलं, "मंग सगळ्यायले पेटच काहून नाई करत?"

ते म्हणाले, "तुला मंगरूळपीरला जायचं असेल तर नागपूरची गाडी पकडतोस का?"

त्यांच्या बरगडीत काळा ठिपका आला होता. काळा म्हणजे तिथं हाडात काम चालू. आजार हाडात उतरला तरी काम चालतं, आणि मोडलेलं हाड सांधत असेल तरी चालतं. कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच. म्हणून त्याच टेबलावर स्पेक्ट आणि सीटी एकत्र केलं. चूलही दिसली आणि भिंतही. भिंतीला बारीक तडा होता, भरत आलेला. गुरुजी दिवाळीआधी जाळी काढताना स्टुलावरून पडले होते आणि घरी सांगितलं नव्हतं.

"आता घरी सांगावं लागणार," म्हणाले, आणि एवढे हसले की बरगडी धरून बसले.

२५ नोव्हेंबर

गिरजाबाईंचा पेट झाला. वाटेत मी रसाच्या गाड्याकडे मानही वळवली नाही.

सुई दिल्यावर तासभर उबदार खोलीत गप्प पडून राहायचं असतं. हालचाल नाही, गप्पा नाहीत. चंपतभाऊ बाहेर माझ्याजवळ बसले होते. मी काही विचारलं तर बोटानं गप्प करायचे. तास झाल्यावर म्हणाले, "आपन बोललो अन् तिचा फोटू बिघडला तं?"

२७ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. काही उरलेलं नाही.

चंपतभाऊंनी फोन केला आणि माझं नाव तेवढं घेतलं. मग गिरजाबाईंनी फोन घेतला. "गाठी गेल्या म्हनते, भाऊ. डॉक्टर म्हनला, आता तीन महिन्यानं या. मी मेथी पेरून राह्यली."

मी रस्त्याच्या कडेला जीप लावून बसलो. छाती एवढी धडधडत होती की शर्टावरून दिसावी. आनंदानंसुद्धा एवढं होतं तर.

५ डिसेंबर

आणखी एक नियम. हृदयाच्या स्कॅनला आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. आज पेशंट स्वतःहून पाळून आला आणि मीच त्याच्यासमोर तीन कप प्यायलो. वहीचं ते पान आता असं आहे: पेट, साखर नाही, पाणी चालेल. हाड, पाणी भरपूर, जेवण चालेल. हृदय, चहा नाही. लोक आता आदल्या दिवशी मला फोन करून विचारतात. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरूनही फोन येतात. "कोनता स्कॅन चांगला?" असं विचारलं की मी गुरुजींसारखा उलट विचारतो, "डॉक्टरले काय पाहाचं हाय?"

एवढा खूश मी लग्नातही नव्हतो. लतीफाला हे सांगितलं, तर तिनं दोन दिवस भाजीत तिखट जास्त टाकलं.

१२ डिसेंबर

यंदा थंडी पडलीच नाही. पेशंट उगाच स्वेटर-मफलर घालून बसतात आणि काच लावा म्हणतात. मी घामानं भिजतो.

जीपचं स्टेअरिंग थरथरतं. हेमसिंगला, माझ्या लाइनवरच्या ड्रायव्हर दोस्ताला, चालवायला दिलं. तो चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काईच थरथरत नाई, यार." त्याचा हातच जड आहे, त्याला काय कळणार.

लतीफानं राखी मॅडमचा नंबर मागितला. मी विचारलं कशाला. म्हणाली, "बहिनीच्या नंदेले विचाराचं हाय." दिला. आता घरोघरी या स्कॅनची चौकशी चालू झाली आहे, चांगलंच आहे.

१६ डिसेंबर

राखी मॅडमना फाइल देत होतो. त्यांनी फाइल घेतलीच नाही, माझ्या हातातल्या फाइलकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वजन किती आहे?"

"कोनाचं? जीपमंधी आज तिघच होते."

"तुमचं."

त्यांनी काट्यावर उभं केलं. उन्हाळ्यात होतं त्यापेक्षा अकरा किलो कमी. दोन्ही हात समोर ताणायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा हलायला लागला. मी थांबवायला गेलो तर जास्तच. डॉक्टरांनी येऊन नाडी धरली, मग गळ्यावर बोटं फिरवून म्हणाले, "गिळा." डाव्या बाजूला गाठ आहे म्हणाले. रक्त घेतलं. हेमसिंगला फोन करून बोलावलं, जीप त्यानं परत आणली. डॉक्टरांनी मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही.

पेशंटना आजवर कितीदा म्हणालो, काही नाही होत, भिऊ नका. आज कळलं, हे वाक्य ऐकणाऱ्याच्या आत उतरतच नाही. गाठ. गिरजाबाईंनाही गाठच होती.

लतीफाला सांगायचं नाही असं ठरवून घरी आलो. ती दारात म्हणाली, "रक्त घेतलं का?" बहिणीच्या नणंदेचं नाव काय, ते विचारलं तर हसली, आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली.

१९ डिसेंबर

रक्ताचा रिपोर्ट. थायरॉइड भलतंच जोरात चालू आहे. भूक, घाम, धडधड, हाताचा कंप, तरतरी, सगळं त्याचं.

मला वाईट वाटलं ते तरतरीचं. मी ती माझी समजत होतो.

धडधडीसाठी गोळी दिली आहे. गाठ कसली ते बघायला सोमवारी थायरॉइडचा स्कॅन.

२३ डिसेंबर

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच जीपमध्ये मागच्या सीटवर बसलो. हेमसिंग चालवत होता, एवढ्या हळू की सायकलवाले पुढं जात होते. लतीफा शेजारी. गावाच्या टोकाला चंपतभाऊ आणि गिरजाबाई उभे, आम्हीही येतो म्हणाले. गिरजाबाईंच्या डोक्यावर आता बोटभर केस आलेत.

लतीफानं डबा उघडला, तसा गिरजाबाईंनी माझा हात धरला. "ठेवा ते. स्कॅन हाय."

"गिरजाबाई, या स्कॅनले खाल्लं तरी चालते."

"तुमच्या सांगन्यावर मी एकदा भरोसा केला होता."

सगळी जीप हसली, हेमसिंगनं तर गाडी कडेला घेतली. गिरजाबाईंनी राखी मॅडमना फोन लावून खात्री केली, मगच मला मेथीचा पराठा मिळाला. मेथी त्यांच्याच वाडीची होती.

सुई मुंगी चावल्यासारखी. वीस मिनिटांनी टेबलावर, मान मागं, कॅमेऱ्याचं निमुळतं तोंड गळ्याजवळ. आवाज नाही, त्रास नाही. मी गुरुजींचा धडा मनात म्हणत होतो, चाळणी, सरळ किरण, तिरपे किरण. डोळ्यातून पाणी कानात जात होतं आणि हलायचं नव्हतं.

राखी मॅडमनी सर्वांना पडद्यासमोर बोलावलं. थायरॉइड फुलपाखरासारखं असतं, दोन पंख. माझं फुलपाखरू नव्हतंच. एका बाजूला एक गोल काळा ठिपका, बाकी काही नाही.

"बाकीचं गेलं कुठं?" लतीफानं विचारलं.

"झोपलंय," डॉक्टर म्हणाले. "ही एकटी गाठ सगळ्यांचं काम करतेय, तेही गरजेपेक्षा जास्त. म्हणून बाकीच्यांनी काम सोडलं. अशी स्वतः काम करणारी गाठ बहुधा कॅन्सरची नसते. हिला शांत केलं की बाकीचं जागं होईल."

गिरजाबाईंनी पडद्याकडे बोट केलं. "म्हंजे माह्या स्कॅनमंधी काळं दिसलं असतं तं वाईट, अन् यायच्यात दिसलं ते चांगलं?"

राखी मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, अर्धे लोक हे शेवटपर्यंत समजत नाहीत."

बाहेर आलो तरी लतीफा माझा हात धरून होती. सगळ्यांसमोर, सोळा माणसांच्या वेटिंगमध्ये. मी सोडवला नाही.

७ जानेवारी २०२५

काल औषध घेतलं. एक कॅप्सूल, आत किरणोत्सर्गी आयोडीन. गाठच ते ओढून घेते आणि त्यातच दबते. आधी ज्या किरणांनी चूल दाखवली, त्यांचेच भाऊबंद आता ती विझवतात.

काही दिवस घरात वेगळी खोली, लहान पोरांपासून आणि गरोदर बायांपासून लांब. गल्लीत कुणी म्हणालं, हसनैन अंधारात चमकतो. लतीफा दाराबाहेर खुर्ची टाकून बसते, तिथूनच शिवते आणि तिथूनच बोलते. लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढं आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. तिनं ऑक्टोबरपासून माझं वजन, घाम, जेवण सगळं लिहून ठेवलं होतं. त्याच वहीत, पुढच्या पानांवर, मापांच्या मधे. मी पुढची पानं कधी उघडलीच नाहीत.

१५ फेब्रुवारी

नाडी उतरते आहे, पण डॉक्टर अजून चालवू देत नाहीत. फेऱ्या हेमसिंग करतो. घरी बसून काय करू, असं राखी मॅडमना फोनवर म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग बोला. आमचे सूचनांचे कागद कुणी वाचत नाही. तुमचं वहीतलं पान फोनमध्ये रेकॉर्ड करून द्या. डॉक्टर तपासतील, मग पेशंटना पाठवू."

चंपतभाऊंच्या वाडीत बसून रेकॉर्ड केलं. पहिल्यांदा शाळेच्या मराठीत बोललो. गिरजाबाई म्हणाल्या, "हे तं बातम्या झाल्या. आपल्यासारकं बोला." मग बोलतो तसं बोललो. कोणता स्कॅन कशासाठी, अगदी किडनीचासुद्धा, काय खायचं, काय नाही, किती थांबायचं, का भ्यायचं नाही. सगळं मिळून अकरा मिनिटं. डॉक्टरांनी दोन चुका काढल्या, त्या पुन्हा केल्या.

७ एप्रिल

सोमवार. जवळजवळ चार महिन्यांनी स्टेअरिंगवर. वजन आठ किलो परत आलं आहे. हातावर कागद ठेवला तरी कागद झोपून राहतो. मी बघितलं, तीनदा.

मानोऱ्याच्या पुढच्या तांड्यावरून एकच पेशंट, हिरीबाई. साठीच्या, एकट्याच, हातात फाइल, पुढच्या सीटवर येऊन बसल्या. मी विचारलं कोणता स्कॅन, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"किडनीचा. गॅमावाला. तुमाले नाई कळाचं."

"सांगा ना."

"सोनोग्राफीत किडनी दिसते. पन काम करते का नाई ते कसं दिसन? माही एक किडनी खड्यानं सुजेल हाय. हा स्कॅन सांगते दोघीतली कोन किती काम करते. ठेवाची का काढाची ते मंग ठरते. पानी पेऊन जा लागते. अर्धा घंटा हालाचं नाई. सुई मुंगीसारखी. भ्याचं नाई."

"कोनं सांगतलं एवढं?"

"फोनवर एक भाऊ सांगते. मोठा डॉक्टर असन. पन बोलते आपल्यासारका." त्यांनी पदराच्या गाठीतून फोन काढला. "थांबा, तुमी बी आइका. रोज पेशंट नेता, काईतरी कळलं पायजे."

मोठ्या आवाजात लावलं. माझाच आवाज जीपभर झाला. मागं चंपतभाऊंच्या वाडीतली कोंबडीही ओरडली.

मी काही सांगितलं नाही. महानचा घाट उतरेपर्यंत ऐकत राहिलो. मधे एकदा न राहवून म्हणालो, "बराबर सांगते तो."

हिरीबाई म्हणाल्या, "मंग बोलू नका मधात. ध्यान देऊन आइका."